हवा संपायचा खेळ

कमांडरमावशी रोज दोनदा मरायला टेकायची आणि दोन्ही वेळा शाळेतली पोरं तिला वाचवायची. नोकरीच होती ती तिची. विज्ञान संग्रहालयाच्या अवकाश दालनात, चंद्रावर आपलं वजन किती भरेल ते दाखवणाऱ्या काट्याच्या आणि हात लावून बघायच्या उल्केच्या पलीकडे, एक पत्र्याचं यान उभं होतं. मावशी चंदेरी पोशाख चढवून त्यात बसायची आणि वर्गातलं एक मूल ‘यात्री’ म्हणून बरोबर घ्यायची. बाकीचा वर्ग बाहेर नियंत्रण कक्षात. यान उडायचं, म्हणजे जागच्या जागी थरथरायचं. मग मध्येच लाल दिवा लागायचा आणि यानातली हवा खराब व्हायला लागायची. बाहेरच्या मुलांनी नळ्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन हवा गाळायचं यंत्र बनवायचं आणि टेबलावरच्या खोबणीत बसवायचं. बसलं, की हिरवा दिवा आणि टाळ्यांचा कडकडाट.

नियंत्रण कक्ष सांभाळायचा मावशीचा नवरा. खेळात त्याला ‘तळ’ म्हणून हाक मारायची असे, म्हणून पोरं त्याला तळकाका म्हणत. घरी मावशी त्याला चारचौघींसारखं ‘अहो’ म्हणायची, पण दालनात पाऊल टाकलं की ‘तळ’. हा नियम त्यानेच घातला होता आणि त्यात तो फार कडक होता. खेळ म्हणजे खेळ, घर घरी ठेवायचं, असं तो म्हणायचा.

मावशी मरायची मात्र जीव तोडून. खोकायची काय, गळा धरायची काय, आवाज असा ओढायची की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा. एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पाणी मावशी अजून सगळ्यांना सांगत फिरायची. नवऱ्याला ते मुळीच पसंत नव्हतं.

"जरा कमी मरत जा," त्या सकाळीही तो म्हणाला. "पोरं घाबरतात. आईबापांच्या तक्रारी मला निस्तराव्या लागतात."

"तुम्ही बटणं दाबा. मरायचं काम माझ्यावर सोडा."

"शिवाय जे लिहिलंय तेवढंच बोलत जा. मनचं घालू नकोस."

"मनचं घालीन. एक दिवस माईकवर सगळ्यांसमोर ‘अहो’ म्हणून हाक मारीन, मग बसा तोंड लपवत."

तो हसला नाही. त्याला खरंच वाटलं, ही करेल.

पहिल्या खेळानंतर धुराचं यंत्र बंद पडलं. यान उडताना पायाखालच्या जाळीतून धूर आला नाही तर पोरांना मजा येत नाही, आणि पुढची शाळा तर येऊन बसली होती. तेव्हा दोघांनी मिळून युक्ती काढली. धूमकेतू बनवून दाखवायला दालनात कोरडा बर्फ ठेवलेला असायचा, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात टाकला की ढगच्या ढग उठतात. जाळीखालच्या पोकळीत गरम पाण्याची परात ठेवायची आणि खेळ सुरू व्हायच्या आधी त्यात बर्फ सोडायचा, असं ठरलं. नवऱ्याने हात आखडता घेतला नाही, सगळा बर्फ ओतला आणि जाळीचे स्क्रू पुन्हा आवळून टाकले. यानातला पंखा धूर ओढून घेत होता, म्हणून तोही बंद केला.

आता गंमत बघा. ह्याच बर्फाचा न दिसणारा वायू मावशी रोज दुपारी पेल्यातून मेणबत्तीवर ओतून दाखवायची. ज्योत पटकन विझायची. ‘हा वायू जड असतो, खाली साचतो, आणि ह्यात कुणाला श्वास घेता येत नाही,’ हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणता आलं असतं. पण रोज दुसऱ्यांना सांगायची गोष्ट आपल्यालाही लागू असते, हे वेळेवर सुचेल तर ना! दोघांनाही त्या घडीला फक्त धुराची पडली होती. केवढा छान दिसतो म्हणून मावशीने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

वर्गातून चिठ्ठी निघाली ती एका बारक्या मुलीची. तिचं नाव कुणी घेतलंच नाही. सगळा वर्ग एकदम ओरडला, "मुंगी! मुंगी!"

"बाई, तिला नका पाठवू, ती रडेल," मागून एक जण म्हणाला.

"मी नाही रडणार," मुंगी म्हणाली, पण इतक्या हळू की ते फक्त मावशीला ऐकू आलं.

मावशीने तिच्या कानाला बटण दाबून बोलायचा माईक अडकवला, पट्टा बांधला आणि नेहमीसारखं समजावलं. "हे बघ, आत मी खूप घाबरल्यासारखं करीन. ओरडीन, खोकीन. तू खरं मानायचं नाहीस. काहीही झालं तरी हा खेळ आहे. कळलं?"

मुंगीने मान हलवली. मग तोंड जवळ आणून म्हणाली, "माझी चिठ्ठी कधीच निघत नाही. आज निघाली."

दार लागलं. ते चुंबकाचं दार होतं आणि बाहेरच्या बटणावर उघडायचं. आतून उघडायला एक लाल मूठ होती, पण पोरं उड्डाण चालू असतानाच ती ओढायची, म्हणून काढून ठेवली होती. मुठीच्या भोकावर कुणीतरी हौसेने चांदणी चिकटवली होती.

यान थरथरलं. जाळीतून पांढरा धूर असा काही उसळला की बाहेर पडद्यावर बघणाऱ्या पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मुंगी खुर्चीत पाय हलवत हसत होती, तिच्या गुडघ्यांपर्यंत ढग आले होते. मावशीला धन्य वाटलं. यंत्राचा धूर ह्याच्यापुढे काहीच नाही, आता रोज हेच करायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

थोड्या वेळाने तिला धाप लागली. वय झालं, ती मनात म्हणाली. मग नाकात झोंबायला लागलं, सोड्याचा घोट चुकून नाकात जावा तसं. छाती धडधडायला लागली. शेजारी मुंगीचे पाय हलायचे थांबले होते.

"मावशी, माझं डोकं दुखतंय."

मावशीने तिच्याकडे बघितलं. पोरीचा चेहरा लाल झाला होता, तोंड उघडं होतं आणि खांदे वरखाली होत होते. तिची खुर्ची बुटकी होती, खास मुलांसाठी केलेली. ती धुरात गळ्यापर्यंत बुडाली होती. त्याच क्षणी मावशीच्या डोळ्यांपुढे ती विझणारी मेणबत्ती आली.

"तळ!" ती ओरडली. "दार उघडा! हवा खराब झालीय, लगेच दार उघडा!"

आणि नेमका त्याच वेळी, ठरल्याप्रमाणे, लाल दिवा लागला.

बाहेर एकच जल्लोष झाला. स्पीकरवरून तो आत आला. खेळातली आणीबाणी सुरू झाली होती आणि तळकाका मुलांना नळ्या वाटायला गेला होता. ह्या भागात माईक वर्गातल्या एका मुलाकडे असायचा, त्याला संपर्क अधिकारी म्हणत. तो अगदी तोंडपाठ बोलला, "कमांडर, धीर धरा. तळावरचे शास्त्रज्ञ उपाय शोधत आहेत."

"अरे बाळा, खेळ नाही हा! खरंच हवा नाहीये! काकांना बोलाव!"

"कमांडर, घाबरू नका. तुम्ही एकट्या नाही."

"काय मस्त करतायत ना त्या?" मागून कुणीतरी म्हणालं.

मावशी स्वतःवर भयंकर चिडली. इतकी वर्षं जीव खाऊन मरायचा सराव केला, आता त्याचंच फळ पदरात पडत होतं. ती जितकी खरी ओरडत होती तितकी बाहेर तिची वाहवा होत होती. पण उपाय होता. खरं संकट आलं तर ओळखता यावं म्हणून दालनाच्या प्रमुखांनी फार पूर्वी एक शब्द ठरवून दिला होता. अवकाशात पाऊस नसतो, म्हणून तो शब्द होता ‘छत्री’. कमांडर छत्री म्हणाली की सगळं सोडून दार उघडायचं.

"छत्री!" मावशी कळवळून म्हणाली. "तळ, छत्री! छत्री!"

संपर्क अधिकारी जरा गोंधळला. कागद चाळल्याचा आवाज आला. "छत्री आत्ता नाही, कमांडर. ती परत येताना."

मावशीला आठवलं. गेल्या महिन्यात खेळ नव्याने, सोप्या मराठीत लिहिला होता. त्यात शेवटी यान खाली येतं तेव्हा पॅराशूट उघडायचं असे आणि लिहिणाऱ्याने त्याची केली होती छत्री. ‘छत्री उघडा!’ असं सगळा वर्ग ओरडायचा. मावशीने आणि नवऱ्याने ते वाक्य रोज ऐकलं होतं, रोज त्यावर बटण दाबलं होतं, आणि दोघांपैकी एकालाही काही खटकलं नव्हतं.

"छत्री म्हणजे दार!" ती ओरडायला गेली, पण खोकल्याची उबळ आली आणि अर्धं वाक्य घशातच राहिलं.

स्पीकरमधून नवऱ्याचा आवाज लांबून ऐकू आला. तो मुलांना सांगत होता, "कमांडर गोंधळल्यात. हवा खराब झाली की माणूस असा काहीही बोलायला लागतो. म्हणून तर घाई करायची. चला, चला, पट्टी लावा." त्याच्या आवाजात राग होता. मनचं घालू नकोस म्हणून सकाळीच तर त्याने बजावलं होतं. तो तिच्यावर चिडला होता, आणि ती आत त्याच्या भरवशावर होती.

मग तिने आयुष्यात दालनात कधी मारली नव्हती ती हाक मारली. "अहो!" तिचा आवाज फाटला. "अहो, उघडा हो दार! अहो!"

बाहेर नळ्यांची खडखड थांबली. मावशीने दाराकडे बघितलं. मग पोरं फिदीफिदी हसायला लागली. "कमांडरने तळकाकांना अहो म्हटलं!"

नवऱ्याने माईक हातात घेतला. तिला त्याचा तांबडा झालेला चेहरा न बघताही दिसला. "कमांडर," तो दातओठ खात म्हणाला, "तळाला तळच म्हणावं." आणि माईक पुन्हा त्या मुलाकडे गेला.

मावशीला रडू कोसळलं. त्याचा गळा धरावा असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. पण शेजारी मुंगीची मान एका बाजूला कलली होती. तिने पट्टा सोडला, पोरीला बखोटीला धरून उभं केलं. खुर्च्यांवरच्या गाद्या ओढून काढून जाळीवर टाकल्या, त्यावर पाय रोवून उभी राहिली. धूर कडेकडेने येतच राहिला. तिने दारावर लाथा घातल्या, मुठी आपटल्या.

"उल्का!" बाहेर पोरं ओरडली. "यानावर उल्का आदळतायत!"

खाली जास्त, वर कमी. एवढंच आता तिला सुचत होतं. रोज म्हणायचं ते वाक्य आता तिच्या उपयोगाला आलं. तिने मुंगीला उचलून खांद्यावर बसवलं आणि तिचं डोकं छतापाशी नेलं. तिथे तारा आत यायची एक फट होती. "तिथे तोंड लाव," ती धापा टाकत म्हणाली. "तिथून श्वास घे. मोठा घे."

"तरंगायला लागली!" बाहेरच्या पडद्यावर बघून कुणीतरी किंचाळलं. "मुंगी तरंगायला लागली!"

मावशीचे पाय लटपटत होते. तिचं स्वतःचं तोंड मुंगीच्या गुडघ्यांच्या पातळीवर होतं आणि तिथे श्वासात काही राम नव्हता. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. आपण आता पडणार, हे तिला कळत होतं. आपण पडलो की पोरगी खाली येणार, सरळ त्या धुरात. तिला स्वतःच्या मरणाची भीती वाटेनाशी झाली होती. ह्या पोरीची चिठ्ठी एकदाच निघाली आणि ती माझ्या हातात यावी, ह्याने तिच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

तिच्या तोंडून आता शब्द उमटत नव्हते. तिने मुंगीचा पाय हलवला. "तू सांग. माईकवर. दार उघडा म्हण."

"दार उघडा," मुंगी आज्ञाधारकपणे म्हणाली.

"यात्रीपण काय छान करतेय!" बाईंचा आवाज आला. वर्गाच्या बाई होत्या त्या, मागे खुर्चीवर बसून कौतुकाने बघत होत्या. "शाब्बास गं!"

मावशीने डोळे मिटले. एवढ्यात तिच्या मानेवर काहीतरी गरम लागलं. ते कॉलरमधून आत शिरलं, पाठीवरून ओघळलं, पोशाखाच्या पायापर्यंत आलं.

"मावशी," वरून रडवेला आवाज आला. "मला शू झाली."

असू दे, असं मावशी म्हणणार होती. मग तिच्या विझत चाललेल्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. खोकणं खेळातलं होतं. रडणं खेळातलं होतं. छत्री, दार, हवा, मरण, सगळं खेळातलं होतं. शू खेळात कुणीही लिहिली नव्हती.

"माईकवर सांग," ती म्हणाली. "बाईंना सांग."

"नाही."

"सांग, बाळा."

"नाही! सगळे हसतील. मला मग रोज चिडवतील."

"हसू दे."

"तुम्हाला काय होतंय हसू दे म्हणायला!"

मावशीला वाटलं, खरं सांगावं. आपण मरतोय, असं सांगावं. पण सांगून काय उपयोग? काहीही झालं तरी खरं मानू नकोस, असं तिनेच तर ह्या पोरीला बजावून आत आणलं होतं. मुंगी तिचं ऐकत होती. शहाण्या मुलीसारखी, अगदी शेवटपर्यंत.

"तुझ्या पाया पडते," मावशी म्हणाली. आवाज नव्हताच, नुसती हवा होती, आणि तीही वाईट. तिने खांद्यावरचा तो ओला, थंडगार झालेला पाय दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर कपाळ टेकवलं. "पाया पडते गं पोरी. एकदा सांग."

मोठं माणूस आपल्या पाया पडतं, असं मुंगीने कधी पाहिलं नसावं. मावशीचे गुडघे वाकायला लागले, तिने पाठ भिंतीला टेकवली. आणि मग स्पीकरमधून, सगळ्या दालनात, एक बारीक आवाज घुमला.

"बाई... मला शू झाली."

आधी कुणालाच कळेना. मग हशाचा स्फोट झाला. "मुंगीने शू केली! यानात शू केली!" संपर्क अधिकाऱ्याने कागदात शोधून पाहिलं असावं, कारण तो गडबडून म्हणाला, "यात्री, संदेश पुन्हा पाठवा." त्यावर आणखी हशा.

"गप्प बसा सगळे!" बाई ताडकन उठल्या. "अहो तळकाका, दार उघडा."

"थोडंच राहिलंय, बाई. यंत्र बसलं की लगेच..."

"बसू दे तुमचं यंत्र तुमच्यापाशी! लेकराला शू झालीय, कळत नाही का? आधी दार उघडा!"

खट्ट असा आवाज झाला.

दार उघडलं आणि मावशी पोरीसकट बाहेर कोसळली. तिच्यामागून तो पांढरा ढग उंबऱ्यावरून सांडत फरशीवर पसरला, जड, पाण्यासारखा, मुलांच्या बुटांवरून. तळकाका बटणापाशी उभा होता. त्याने तो ढग बघितला. फरशीवर पडलेल्या बायकोचे जांभळे ओठ बघितले. मग तो जागच्या जागी खाली बसला. मावशीला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. ती मुंगीकडे बघत होती.

मुंगी उभी होती. जोरजोरात श्वास घेत होती. फ्रॉक पुढून भिजलेला, मोजे भिजलेले, दोन्ही हात फ्रॉकवर गच्च दाबलेले. समोर सगळा वर्ग खिदळत होता, बोटं दाखवत होता. बाई दटावत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं. मुंगीने मान वळवून मावशीकडे पाहिलं. तुमच्यामुळे, असं ते पाहणं होतं. तुम्ही मला सांगायला लावलंत.

मावशीच्या छातीत पहिला श्वास शिरला तो आरी चालवल्यासारखा. दुसरा घेताना तिच्या तोंडून हुंदका फुटला. बाईंनी तिला पाणी पुढे केलं, तिने ते बाजूला सारलं. ती हातांवर रेटून बसली. चंदेरी पोशाख कॉलरपासून पायापर्यंत ओला झाला होता, ते सगळ्यांना दिसावं म्हणून ती जरा उजेडात वळली. सगळी ताकद गोळा केली आणि ती बोलली.

"तिला नाही रे," ती म्हणाली. "मला झाली."

दाखवलेली बोटं खाली आली.

"मी घाबरले. मला शू झाली. ती... माझ्या अंगावर बसली होती, तिला लागली. मला लाज वाटली, म्हणून मी तिला सांगायला लावलं."

"कमांडरला?" कुणीतरी विचारलं.

"कमांडरला."

पुढच्या रांगेतला एक जण फिसकन हसला. मग दुसरा. मग सगळा वर्ग पुन्हा सुटला, पहिल्यापेक्षा दुप्पट. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, "कमांडरला शू झाली!" म्हणून बाकं बडवत होती. बाईंनासुद्धा पदर तोंडाला लावावा लागला. मुंगी आधी नुसतीच बघत राहिली. मग तिने फ्रॉकवरचे हात सोडले, मावशीच्या ओल्या पोशाखाकडे बोट केलं आणि तीही हसायला लागली. आधी घाबरत, मग मोठ्याने, पोट धरून, श्वास पुरेनासा होईतो. मावशी फरशीवर बसून तिचं ते हसणं ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांचं पाणी काही केल्या थांबेना.